अंगणात स्कोपचा पडदा बांधायचा असेल तर

१९७९ साली सोलापुरातल्या एका टॉकीजमध्ये मी कामाला लागलो तेव्हा माझं काम एवढंच होतं: पडद्यामागे उभं राहायचं आणि घंटी वाजली की दोरी ओढायची. घंटी वरून, ऑपरेटरच्या केबिनमधून यायची. आधी फिल्म्स डिव्हिजनचा वार्तापट चालायचा. तो दाखवणं तेव्हा सक्तीचं होतं, आणि त्याचं चित्र जवळपास चौकोनी असायचं. तो संपला की एक लांब घंटी. मी दोरी ओढायचो, पांढऱ्या पडद्याच्या दोन्ही अंगांना लावलेलं काळं मखमल मागं सरकायचं आणि पलीकडून, थर्ड क्लासातून, 'आँ' असा आवाज उठायचा. शिट्ट्या त्याच्यानंतर. मी मागच्या बाजूला असल्यामुळे मला पिक्चर उलटा दिसायचा, पाट्यांवरची अक्षरं उलटी, हिरो डावखुरा. पण तो आवाज मात्र मला सगळ्यांत जवळून ऐकू यायचा.

आता घरी सगळं उलटं झालंय. टीव्हीची काच १६ बाय ९ ची. तिच्यावर जुना चौकोनी पिक्चर लावला तर तो वरपासून खालपर्यंत भरतो, आणि स्कोप, म्हणजे सिनेमास्कोपचा खूप रुंद पिक्चर, लावला तर वर-खाली काळे पट्टे येऊन चित्र चिंचोळं होतं. जे सगळ्यांत मोठं दिसायला हवं, तेच सगळ्यांत लहान. माझ्या नातवाला वाटायचं की पट्टेवाला पिक्चर म्हणजे कुणीतरी कापलेला पिक्चर. पडदा रुंद होताना त्यानं कधी पाहिलाच नव्हता, त्याला कसं कळणार?

म्हणून गेल्या जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेला पाहुणे जमले होते तेव्हा, मी साखर पेठेतल्या आमच्या घराच्या अंगणात तसा पडदा बांधला. दोनदा फसला, तिसऱ्यांदा जमला. कसा जमला ते मापांसकट लिहितो. तुमच्याकडे तीस फूट लांब आणि वीस फूट रुंद मोकळी जागा असेल, गच्ची असो की अंगण, तर तुम्हालाही जमेल.

उंची एकच, रुंदी बदलती

सिनेमास्कोप आलं १९५३ मध्ये, अमेरिकेत. तिथे घरोघरी टीव्ही पोचला होता आणि थिएटरं रिकामी पडत चालली होती. फॉक्स कंपनीनं आंरी क्रेतियाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाचं एक भिंग हाती घेतलं, जे त्यानं १९२० च्या दशकातच बनवून ठेवलं होतं. शूटिंगच्या वेळी हे भिंग चित्राला दोन्ही बाजूंनी दाबून निम्म्या रुंदीत बसवतं, आणि थिएटरातलं तसंच भिंग ते परत दुप्पट पसरवतं. फिल्म तीच ३५ मिलिमीटरची, मशीन तेच. म्हणून ते सोलापूरसारख्या गावापर्यंत येऊ शकलं. एकावेळी तीन मशीन चालवायला लागणारा सिनेरामा आमच्याकडे येणं शक्य नव्हतं. आपल्याकडचा पहिला स्कोप पिक्चर १९५९ चा 'कागज के फूल', गुरुदत्त यांचा, कॅमेरा व्ही. के. मूर्तींचा.

स्कोपची फिल्म हातात धरून दिव्यासमोर बघितली की त्यातली माणसं उभ्या काड्यांसारखी दिसतात, बैलगाडीचं चाक अंड्यासारखं. माझ्या ऑपरेटरकीच्या पहिल्या वर्षात एका रात्री नऊच्या खेळाला मी वार्तापटानंतर भिंग बदलायला विसरलो. पडद्यावर सगळी माणसं बारीक आणि उंच आली. खालून आरडाओरडा सुरू झाला. आमचे हेड ऑपरेटर, ज्यांना आम्ही उस्ताद म्हणायचो, ते मला बाजूला सारून स्वतः भिंग लावायला गेले. मला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मी वार्तापट चालू असतानाच स्कोपचं भिंग काढून मशीनच्या डोक्यावर ठेवायला लागलो, म्हणजे नजर चुकायचा प्रश्नच नको.

मूळ नियम डोक्यात पक्का ठेवा. थिएटरात चित्राची उंची तीच राहायची, रुंदी बदलायची. जुन्या चौकोनी पिक्चरची रुंदी उंचीच्या १.३७ पट. नंतरच्या साध्या रुंद पिक्चरची १.८५ पट. सत्तर एमएमची २.२० पट. स्कोपची २.३५ किंवा २.३९ पट. शेवटच्या दोन आकड्यांवरून डोकं खाऊ नका, आपल्या पडद्यावर तो प्रत्येक बाजूला दोन बोटांचा फरक आहे.

कापड

इथे सोलापूरकराचं नशीब जोरावर आहे. पडद्याला मधोमध शिवण चालत नाही. कितीही बारीक शिवली तरी हिरॉइनच्या चेहऱ्यावरून ओरखडा गेल्यासारखी दिसते. माझा पहिला पडदा त्यानंच फसला, दोन पन्हे जोडून केला होता. मग लक्षात आलं की आपल्या गावात चादरी आणि बेडशीटं विणणारे रुंद माग आहेत. नव्वद इंची पन्हा घ्यायचा आणि तो आडवा धरायचा. कापडाचा पन्हा म्हणजे पडद्याची उंची, आणि कापडाची लांबी म्हणजे पडद्याची रुंदी. लांबी हवी तेवढी मिळते. शिवण एकही नाही.

आमच्या बोळाच्या टोकाला एका अण्णांचे माग आहेत. त्यांच्याकडे गेलो.

"अण्णा, नव्वदच्या पन्ह्याचं कोरं पांढरं मिळंल का? डिझाइन नको, काठ नको."

"किती पायजे मामा?"

"सहा मीटर."

"सहा मीटरची कुठली बेडशीट ओ?"

"बेडशीट नाही, पिक्चरचा पडदा करायचाय."

अण्णांनी हातातला तागा खाली ठेवला आणि आतून दुसरा आणला. "मग हे न्या. याचा पिक जास्त हाय. ते पहिलं नेलाव तर निम्मा उजेड भिंतीवर जाईल." पिक म्हणजे एका इंचात आडवे धागे किती. कापड जेवढं गच्च, तेवढा उजेड पडद्यावर थांबतो. पण फार गच्चही नको, कारण आवाज मागून यायचा आहे. कापड तोंडाला लावून फुंकर मारायची, पलीकडे हाताला वारा लागला तर आवाजही जाईल. अण्णांचं कापड या परीक्षेत पास झालं.

आणलेलं कापड आधी धुवा, मगच कापा. कोऱ्या कापडात खळ असते, आणि धुतल्यावर ते उंचीला दोन-तीन इंच आणि लांबीला त्याहून जास्त आटतं. नीळ घालू नका, चेहरे आजारी दिसतात. इस्त्री ओलसर असतानाच. सगळं होऊन शिवणीला जाऊन माझ्या हाती ८४ इंच उरले, म्हणजे बरोबर सात फूट. स्कोपसाठी सात गुणिले २.३९, म्हणजे पावणेसतरा फूट रुंदी. पुढची सगळी मापं याच सात फुटांवरून काढली आहेत. तुमची उंची वेगळी आली तर त्याच पटीनं बदला.

वरच्या आणि खालच्या कडेला बांबू जाईल असा खिसा लागतो. तो पडद्याच्याच कापडाचा दुमडून करू नका, सहा-सहा इंच उंची जाते. वेगळ्या जाड कापडाची पट्टी जोडून घ्या. वर वीस फुटी सरळ बांबू, खाली इंचाचा लोखंडी पाइप, वजनासाठी. डाव्या-उजव्या कडेला दर फुटावर नाडी शिवा, आणि नाडी खांबाला थेट न बांधता मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. दुसऱ्यांदा माझा पडदा वाऱ्यानं फाटला, कारण सगळीकडून सुतळीनं आवळला होता. ट्यूब ताणली जाते, परत येते, पडदा सपाटही राहतो आणि फाटतही नाही. खांबांना मंडपवाल्याचे बांबू आणि बुडाला वाळूच्या पिशव्या.

काळं कापड आणि दोरी

बरेच लोक पांढरा पडदा करतात आणि काळ्या कापडाचा कंटाळा करतात. माझ्या मते पांढरं थोडं कमी चांगलं असलं तरी चालेल, काळं मात्र चांगलं हवं. प्रोजेक्टरचा काळा रंग खरा काळा नसतो, राखाडी असतो. स्कोप चित्राच्या वर-खाली तो राखाडी उजेड सांडतो आणि चित्राची कड पुसट होते. थिएटरात हे काम एक पत्रा करायचा, मशीनच्या गेटमध्ये बसणारा, चित्राच्या आकाराचं भोक असलेला. नवा पत्रा आला की उस्ताद तो आमच्या पडद्याच्या मापाला कानशीनं घासून घ्यायचे. दोन घासे मारायचे, मशीनमध्ये घालून उजेड टाकायचे, मी खालून पडद्याजवळून ओरडून सांगायचो, "डाव्या कोपऱ्यात अजून दोरा आहे." परत दोन घासे. अख्खी दुपार एका पत्र्यात जायची. केबिन वर आणि पडदा खाली असल्यामुळे चित्र तळाशी किंचित पसरायचं, म्हणून पत्र्याचं भोकही किंचित तिरपं घासावं लागायचं. पण नंतर चित्राची कड अशी बसायची की काळ्या मखमलीत दोन बोटं आत शिरून संपायची. उजेडाचा एक थेंब बाहेर नाही.

घरी त्याऐवजी दोन गोष्टी करा. पडद्याच्या वर आणि खाली दीड-दीड फुटाची काळी पट्टी पक्की लावा. आणि प्रोजेक्टरच्या भिंगापुढे चार-सहा इंचांवर काळ्या पुठ्ठ्याची आडवी फट उभी करा, म्हणजे वरचा-खालचा राखाडी उजेड तिथेच अडेल. पुठ्ठा प्रोजेक्टरच्या गरम हवेच्या जाळीपुढे येऊ देऊ नका.

बाजूंचे काळे पडदे मात्र सरकते हवेत. त्याच्यासाठीच तर हा खटाटोप आहे. कापड सुती वेलवेट, सॅटीन अजिबात नको, ते चमकतं. प्रत्येक बाजूचा पडदा साडेचार फूट रुंद, वरून खिडकीच्या पडद्याच्या रिंगांवर, ताणलेल्या जाड तारेत अडकवलेला, खालच्या दुमडीत थोडी वाळू शिवलेली. आता दोरी. तारेच्या दोन्ही टोकांना एकेक कप्पी बांधा आणि दोरी दोन्ही कप्प्यांवरून फिरवून तिचं एक मोठं कडं करा. म्हणजे दोरीचे दोन पदर होतात, एक वरचा, एक खालचा. डावा पडदा वरच्या पदराला बांधा, उजवा खालच्या पदराला. दोरी एका बाजूला ओढली की दोन्ही पडदे एकाच वेळी, सारख्याच वेगानं उघडतात. उलटी ओढली की मिटतात. टॉकीजमध्ये माझ्या हातात हीच रचना होती, फक्त कप्प्या पितळेच्या होत्या.

दोरीवर रंगीत धाग्याच्या चार गाठी मारून ठेवा. चौकोनी चित्राला उघडी रुंदी ९ फूट ७ इंच. १.८५ ला १३ फूट. सत्तर एमएमला १५ फूट ५ इंच. स्कोपला पावणेसतरा. 'शोले' चित्रित झाला ३५ मिलिमीटरवर, पण त्याच्या मोठ्या प्रती सत्तर एमएमच्या काढल्या होत्या, म्हणून असल्या पिक्चरची सत्तर एमएमच्या आकाराची प्रत मिळाली तर पडदा स्कोपपेक्षा प्रत्येक बाजूला आठ इंच आत घ्यावा लागतो. अंधारात गाठ बोटाला लागते, मापपट्टी शोधत बसावं लागत नाही.

प्रोजेक्टर

विकत घेऊ नका, भाड्यानं आणा. लग्नाच्या हॉलला प्रोजेक्टर देणारे असतात. तीन हजार अ‍ॅन्सी ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) मागा आणि 'अ‍ॅन्सी' हा शब्द विसरू नका, कारण स्वस्तातल्या डब्यांवर ल्युमेनचे वाटेल ते आकडे छापलेले असतात.

त्याच्या माहितीपत्रात थ्रो रेशो लिहिलेला असतो. समजा तो १.५ आहे. म्हणजे चित्र जेवढं रुंद, त्याच्या दीडपट अंतरावर प्रोजेक्टर. स्कोपला पावणेसतरा फुटी चित्रासाठी २५ फूट. चौकोनी पिक्चर मात्र १६ बाय ९ च्या चौकटीत वरपासून खालपर्यंत भरतो, म्हणून त्याला त्याच जागेवरून दाखवलं तर तो साडेनऊ फूट उंच होऊन पडद्याबाहेर जाईल. त्याला प्रोजेक्टर पुढे, १८ फूट ८ इंचांवर आणायला हवा. मी प्रोजेक्टर गॅसच्या चाकांच्या ट्रॉलीवर पाटा बांधून ठेवला आणि फरशीवर खडूनं दोन रेघा मारल्या, एक १८ फूट ८ इंचांवर, एक २५ वर. ट्रॉली सरळ मागे जावी म्हणून दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या आडव्या टाकल्या. झूमचं बटण असेल तर आधी ते वापरून बघा, पण साध्या प्रोजेक्टरचा झूम एवढा फरक भरून काढत नाही. मागे नेल्यावर फोकस परत करावा लागतो, तो वार्तापटाच्या, म्हणजे पहिल्या तुकड्याच्या आधीच सायंकाळी दोन्ही रेघांवर करून पाहून ठेवा.

प्रोजेक्टर पडद्याच्या अगदी मध्यरेषेवर हवा. तिरपा ठेवून मेनूतल्या कीस्टोननं चित्र सरळ करू नका, त्यात चित्राची धार जाते. आणि चित्राच्या मेनूत झूम, स्ट्रेच, वाइड असलं काही चालू असेल तर बंद करा. खात्री करायला एक वर्तुळाचं चित्र टाका आणि दोरीनं आडवं-उभं मोजा. सारखं आलं पाहिजे.

आवाज आणि बसणं

थिएटरच्या पडद्याला बारीक भोकं असतात, आवाज पडद्यामागून, बोलणाऱ्याच्या तोंडातूनच आल्यासारखा यावा म्हणून. तुम्हीही स्पीकर कापडाच्या मागे, उंचीच्या दोन-तृतीयांश भागात ठेवा. वायर लावा. ब्लूटूथमध्ये आवाज मागे पडतो आणि ओठ जुळत नाहीत. फिल्मवरसुद्धा आवाज चित्राच्या वीसएक चौकटी पुढे छापलेला असायचा, कारण मशीनमध्ये आवाज वाचणारं डोकं गेटच्या खाली असायचं. रीळ घालताना मधला फास चार बोटं जास्त सोडला तरी प्रेक्षकाला कळायचं.

खुर्च्या पडद्यापासून सतरा ते पंचवीस फुटांच्या दरम्यान. त्याहून मागे बसलं की परत टीव्हीच झाला. मुलांना पुढे सतरंजीवर बसू द्या, त्यांना मान फिरवून बघायला आवडतं.

प्रत कशी तपासायची

पिक्चर कायदेशीर प्रतीवरूनच लावा आणि घरच्यांपुरताच ठेवा, तिकीट लावायचा विषय नको. पण प्रत बघून घ्या. पुष्कळ जुने स्कोप पिक्चर टीव्हीच्या काचेत बसावेत म्हणून दोन्ही बाजूंनी कापलेले असतात. सुरुवातीच्या नामावलीत मोठ्या नावाची पहिली किंवा शेवटची अक्षरं कडेला चिकटलेली दिसली, किंवा दोन माणसं बोलतायत आणि एकाचं अर्धं नाकच चौकटीत आहे असं दिसलं, की समजा प्रत कापलेली. ती लावू नका. एवढं कापड शिवून कापलेला पिक्चर दाखवायचा, तर त्यापेक्षा टीव्ही बरा. सोलापुरात तेलुगू पिक्चरचा शौक पहिल्यापासून, आमच्या टॉकीजला रविवारी सकाळी तेलुगू खेळ असायचा. त्यातलेही बरेच स्कोप आहेत, घरात तेलुगू बोलणारे असतील तर तेही बघा.

संध्याकाळ

दिवस जानेवारी-फेब्रुवारीचे घ्या. सोलापूरच्या मे महिन्यात साडेसात वाजेपर्यंत आभाळात उजेड असतो आणि प्रोजेक्टर गरम होऊन आपला आपण बंद पडतो. थंडीत सातला पक्का अंधार होतो. अंगणाच्या पांढऱ्या भिंतीवर पडद्याजवळ गडद चादर टाका. चादरीची सोलापुरात काय कमी?

आणि थेट मोठा पिक्चर सुरू करू नका. आधी काहीतरी चौकोनी हवं, नाहीतर उघडणाऱ्या पडद्याला अर्थ नाही. आम्ही माझ्या पुतणीच्या १९९४ मधल्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट सीडीवर उतरवून घेतली होती. व्हिडिओ चारास तीन, म्हणजे जवळजवळ जुन्या पिक्चरएवढाच. दहा मिनिटं ती लावली. काळे पडदे आत ओढलेले, साडेनऊ फुटांचं चित्र. त्यात माझी आई होती, आंतरपाट धरलेला माझा थोरला भाऊ होता. दोघंही आता नाहीत. सगळे शांत बसले होते.

ते संपल्यावर मी ट्रॉली मागच्या रेघेवर नेली. मधल्या वेळात पडद्यावर उजेड नको, भिंगावर टोपी ठेवा. नातवाला पडद्यामागे उभं केलं होतं. मी स्टीलच्या तांब्यावर चमचा वाजवला, एकदा, लांब. त्यानं दोरी ओढली. सावकाश ओढ असं दहा वेळा सांगितलं होतं, त्यानं सावकाश ओढली. रिंगा तारेवरून सरकल्याचा आवाज आला. साडेनऊचे तेरा झाले, पंधरा झाले, पावणेसतरा झाले. पहिल्या दृश्यात नुसतं माळरान होतं. पुढच्या रांगेत बसलेल्या आमच्या अक्कांनी, वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही हातांनी खुर्ची पकडून ती एक फूट मागे घेतली.

मध्यंतर पिक्चरमध्ये जिथे छापलंय तिथेच घ्या, आधी नाही. दिवे हळूहळू लावा.

संपल्यावर पडद्याची घडी घालू नका, घडीची रेघ पुढच्या वेळी चित्रावर दिसते. वरच्या बांबूवर गुंडाळा, दोन्ही टोकांना दोघं धरून, सारख्या ताणानं. मधे मधे कडुनिंबाचा सुकलेला पाला घाला. बाहेरून जुनी चादर लपेटून माळ्यावर आडवा ठेवा, उभा ठेवला तर कापड एका बाजूला घसरतं. दोरी मात्र वेगळी, सैल गुंडाळून ठेवा आणि गाठींचे रंग एका कागदावर लिहून कप्पीला बांधून टाका. आमच्याकडे तो कागद नातवानं लिहिलाय, स्कोपच्या गाठीपुढे त्यानं दोन्ही बाजूंना बाण काढलेत.